सोड्याने एक गाय वाचली, दुसरी गेली: असं का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात पुन्हा मांडते. तुमचा आखाडा, म्हणजे शेतावरची वस्ती, जिंतूर तालुक्यात. फेब्रुवारीत ज्वारीची मळणी चालू असताना रात्री एक गाय सुटली आणि राशीवर जाऊन पोटभर ज्वारी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तिने चारा सोडला, पोट तटतटलं, पातळ हगायला लागली. डॉक्टरांनी नळीने खाण्याचा सोडा दिला, सलाईन लावलं, तीन दिवसांत गाय सावरली. महिनाभराने दुसऱ्या गाईचं पोट फुगलं, तोंडाला फेस आला. डॉक्टर यायला वेळ होता, म्हणून तुम्ही घरातला सोडा पाण्यात कालवून बाटलीने पाजला. पाऊण तासात गाय गेली. मागाहून कळलं, की ठिबकमधून सोडायला बादलीत विरघळवून ठेवलेलं युरियाचं पाणी ती प्यायली होती. आता चुलते म्हणतात, सोडा कमी पडला, इथून पुढं सगळ्याच जनावरांना रोज मूठभर चालू करा. तुमचा प्रश्न असा, की सोडा नेमकं करतो काय आणि रोज द्यावा का.

मी परभणी-हिंगोली भागात सव्वीस वर्षं जनावरांची डॉक्टर आहे. आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. दुसरी गाय तुमच्या सोड्यामुळेच गेली, असं मी म्हणणार नाही. युरिया पोटात किती गेला, पोट रिकामं होतं की भरलेलं, तिला आधी कधी युरियाची सवय होती का, यावर सगळं ठरतं. मात्रा मोठी असेल तर काहीही केलं तरी जनावर हाती लागत नाही. पण चुलत्यांचं म्हणणं मात्र मान्य करता येणार नाही. सोडा कमी पडला नव्हता. तो उलट दिशेला गेला होता. दोन्ही गाईंचं पोट फुगलं, दोघी आडव्या झाल्या, बाहेरून आजार एकच दिसला. आत मात्र एकीच्या पोटात आंबट झालं होतं आणि दुसरीच्या पोटात त्याच्या बरोबर उलट.

माती परीक्षणाचा कागद तुम्ही पाहिला असेल. त्यावर पहिल्याच ओळीत ‘सामू’ असतो. आपल्या काळ्या रानाचा तो बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठच्या आसपास येतो. हाच सामू, म्हणजे पीएच, जनावराच्या पोटालाही असतो, रक्तालाही आणि लघवीलाही. ७ म्हणजे मधला, त्याखाली आंबटपणा म्हणजे आम्ल, त्यावर खारेपणा म्हणजे अल्क. हे माप डेन्मार्कच्या सोरेनसन या शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये काढलं, तेही बिअर बनवणाऱ्या कार्ल्सबर्ग कंपनीच्या प्रयोगशाळेत, कारण तिथंही सगळा खेळ आंबवण्याचाच होता. या मापाची एक खोच ध्यानात ठेवा. एक अंक उतरला म्हणजे आंबटपणा दहापट वाढला. दोन अंक उतरले तर शंभरपट. त्यामुळे ‘साडेसहाचा साडेचार झाला’ हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण जनावराच्या जिवावर बेततं.

आंबटपणाने जिवाचं बिघडतं काय? शरीरातली जवळजवळ सगळी कामं प्रथिनं करतात, आणि प्रत्येक प्रथिनाची एक ठरलेली घडी असते. ती घडी त्याच्या अंगावरच्या बारीक विद्युतभारांनी धरून ठेवलेली असते. भोवतालचा सामू हलला की ते भार बदलतात, घडी सैल होते आणि काम थांबतं. दुधात लिंबू पिळल्यावर ते फाटतं ना, तो हाच प्रकार. म्हणून आंबट वाईट आणि खारं चांगलं असं काही नसतं. ज्या जागी जो सामू लागतो, त्या जागी तोच हवा. गाईच्या चौथ्या पोटात सामू २ ते ३ असतो, म्हणजे लिंबाच्या रसाच्या जवळपास, आणि तिथं प्रथिनं पचायला तेवढा आंबटपणा लागतोच. तेच पाणी पुढं आतड्यात गेल्यावर शरीर स्वतःहून त्याचा आंबटपणा मारतं. आणि रक्ताचा सामू ७.४ च्या आगेमागे, अगदी चिंचोळ्या पट्टीत. तो ७ च्या खाली उतरला की जनावर मरणाच्या दारात असतं.

आता कोटीपोट, म्हणजे गाईच्या चार पोटांतलं पहिलं आणि सगळ्यात मोठं. ते पोट कमी आणि आंबवणाचा रांजण जास्त. त्यात अब्जावधी जंतू राहतात आणि कडबा खरं तर तेच खातात. गाय जगते ती त्या जंतूंनी बनवलेल्या सौम्य आम्लांवर. म्हणजे आम्ल रोज बनतंच, पुष्कळ बनतं, आणि पोटाच्या अस्तरातून रक्तात शोषलं जाऊन त्याचं दूध, मांस आणि ताकद होते. तरी सामू ६ ते ७ च्या दरम्यान टिकतो. कसा? लाळेमुळे. मोठी संकरित गाय दिवसाला १०० लिटरहून जास्त लाळ गिळते. लाळेचा सामू ८ च्या वर, आणि एका लिटर लाळेत साधारण १० ग्रॅम खाण्याच्या सोड्याइतका बायकार्बोनेट, म्हणजे सोड्यातला आम्ल मारणारा भाग, असतो. हिशोब करा, दिवसाला किलोभर सोडा गाय स्वतःच बनवून पोटात सोडते. आपली देवणी किंवा लाल कंधारी अंगाने लहान म्हणून तिचं प्रमाण कमी, पण व्यवस्था तीच. आणि ही लाळ सुटते कधी? चावताना आणि रवंथ करताना. कडबा तोडताना, चघळताना, दुपारी सावलीला बसून रवंथ करताना. चुलत्यांची मूठ या किलोभरापुढे किती, ते बघा.

ज्वारीच्या राशीवर काय होतं ते एका गाईवरून सांगते. मानवतकडच्या एका आखाड्यावर मला बोलावलं तेव्हा दुपार झाली होती. लाल कंधारी, तिसऱ्या वेताची. रात्री दावं तुटलं होतं. मी गेले तेव्हा ती मान टाकून उभी, डोळे खोल गेलेले, चालवली तर पिऊन झोकांड्या खाल्ल्यासारखी. डाव्या कुशीवर मूठ दाबली की आत पाणी डचमळल्याचा आवाज. रवंथ बंद. नळी घालून कोटीपोटातलं थोडं पाणी काढलं. निरोगी गाईचं हे पाणी हिरवट-तपकिरी असतं आणि त्याला ओल्या चाऱ्याचा वास येतो. हिचं पांढुरकं-राखाडी, दुधट, आणि शिळ्या कण्यांसारखा आंबूस वास नाकात बसला. सामूच्या कागदावर थेंब टाकला. एरवी हिरवट-पिवळा राहणारा कागद नारिंगी झाला, डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिला तर साडेचारच्या जवळ. दवाखान्यात आणून तेच पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. चांगल्या पोटाच्या एका थेंबात बारीक जीव मुंग्यांच्या वारुळासारखे वळवळताना दिसतात. इथं एकही हलत नव्हता.

घडतं असं. धान्यातलं पिष्ट कडब्यासारखं सावकाश पचत नाही, ते लगेच फुटतं. एवढं आयतं खाणं मिळाल्यावर स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस नावाचा जंतू झपाट्याने वाढतो आणि लॅक्टिक आम्ल सोडायला लागतो. हे दह्यातलंच आम्ल, पण एरवीच्या पोटातल्या आम्लांपेक्षा खूप कडक. सामू साडेपाचच्या खाली गेला की कडबा पचवणारे जंतू मरायला लागतात, आणि पाचच्या खाली जे तगतात ते लॅक्टिक आम्लच बनवणारे. म्हणजे आगीत तेल ओतणारेच शिल्लक राहतात. त्यात गाय धान्य चावत बसत नाही, गिळते, म्हणून लाळही येत नाही. आम्लामुळे पोटातलं पाणी इतकं दाट होतं, की ते अंगातलं पाणी आपल्याकडे ओढून घेतं. म्हणून पोट डचमळतं आणि गाय मात्र वाळते, डोळे खोल जातात.

मग आम्ल रक्तात उतरतं. इथं शरीर जी झुंज देतं, ती मला अजूनही प्रत्येक वेळी थक्क करते. पहिली फळी रक्तातल्याच बायकार्बोनेटची. आलेलं आम्ल तो जागच्या जागी पकडतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड करतो. दुसरी फळी फुफ्फुसांची. तो वायू बाहेर टाकायला गाय भराभर श्वास घेते, म्हणून ज्वारी खाल्लेल्या गाईला धाप लागलेली दिसते, आणि लोक मला फोनवर ‘छातीत कफ झालाय’ म्हणून सांगतात. कफ नसतो तो. काही मिनिटांत सुरू होणारा तो बचाव असतो. तिसरी फळी मूत्रपिंडाची, ती काही तासांनी जोर धरते आणि आम्ल लघवीतून काढायला लागते. चारा खाणाऱ्या गाईची लघवी एरवी अल्कधर्मी असते, सामू ८ च्या आसपास. शेपटीखाली हाताने हळू चोळलं की गाय लघवी करते, त्यात कागद बुडवायचा. मानवतच्या गाईचा कागद पिवळा आला, म्हणजे सामू ६ च्याही खाली. म्हणजे आम्ल पोटात थांबलेलं नाही, रक्तात पोचलंय, हे मला एका कागदाने सांगितलं. त्यात आणखी एक अडचण अशी, की जंतू लॅक्टिक आम्लाचे दोन प्रकार बनवतात. शरीराला त्यातला एक पटकन जाळता येतो, दुसरा फार सावकाश. म्हणून पोट सुधारलं तरी गाय दोन-तीन दिवस मलूल राहते.

अशा वेळी सोडा कामाचा, कारण तो आम्लाला थेट मारतो. पण त्यातही एक गोम आहे. लिंबाच्या रसात सोडा टाकला की फसफसतं, तोच वायू गाईच्या पोटातही सुटतो. ढेकर देता येत नसलेल्या, आडव्या पडलेल्या गाईला भरपूर सोडा पाजला तर पोटफुगी वाढते. म्हणून आम्ही नळी आत ठेवून देतो, पुष्कळदा मॅग्नेशियमचं औषध वापरतो, आणि रक्त सावरायला सलाईन शिरेतून. तुमची पहिली गाय एकट्या सोड्याने वाचली नाही. पोटातला आंबटपणा मारला, अंगात पाणी भरलं आणि वेळेत मारलं-भरलं, म्हणून वाचली.

आता युरियाची बाजू. युरिया पोटात गेला की जंतूंकडचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचा मिनिटांत अमोनिया करतं. थोडा थोडा आला तर जंतू त्यापासून स्वतःची प्रथिनं बनवतात. म्हणूनच प्रक्रिया केलेल्या कडब्यात युरिया मोजून वापरतात आणि जनावरं तो चांगला पचवतात. एकदम आला तर पोटाचा सामू ८ च्या वर सरकतो, कारण अमोनिया स्वतः अल्क आहे. अमोनिया दोन रूपांत असतो. एक भारित रूप, त्याला पोटाच्या अस्तरातून सहज जाता येत नाही, ते आतच राहतं. दुसरं मोकळं वायूचं रूप, ते अस्तर ओलांडून थेट रक्तात जातं, तिथून यकृताला न आवरता मेंदूपर्यंत. कुठलं रूप किती, हे सामूच ठरवतो. सामू ७ असेल तर मोकळा अमोनिया शंभरात सुमारे १. सामू ८ झाला की सुमारे १०. आणि ९ ला जवळजवळ निम्मा. युरिया तेवढाच, पण सामू वर चढला की विष दहापट मोकळं. अशा पोटात सोडा घातला तर आपण विषाला दार उघडून देतो.

म्हणून युरियाच्या विषबाधेला उलटा उपाय, म्हणजे आम्ल. पाच टक्क्यांचं साधं व्हिनेगर, मोठ्या गाईला दोन ते सहा लिटर, आणि सोबत पुष्कळ थंड पाणी, वीस-तीस लिटर, नळीने. व्हिनेगर मोकळ्या अमोनियाला भारित रूपात अडकवतं, आणि गार पाण्याने ते विकर मंदावतं. गावात एवढं व्हिनेगर कुठून मिळणार, हे मला ठाऊक आहे. आंबट ताक किंवा चिंचेचं पाणी त्याच दिशेचं, पण व्हिनेगरपेक्षा पुष्कळ सौम्य. काहीच नसेल तर ते आणि गार पाणी, तेही जनावर उभं असेल, गिळत असेल तरच. झटके येत असतील तर तोंडाने काहीही घालू नका, ते फुफ्फुसात जातं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. वसमतकडे एक बैल असाच फुगलेला, थरथरत होता. पोटफुगी म्हणजे सोडा, हे माझ्या हातात इतकं बसलं होतं की मी पाकीट फोडलंही. दवाखान्यातले जुने परिचर बैलाचं तोंड धरून उभे होते, ते म्हणाले, “मॅडम, याच्या तोंडाला मुतारीसारखा वास येतोय बघा.” मी वाकून वास घेतला आणि पाकीट खाली ठेवलं. मालकाला विचारलं तेव्हा खताची पाटी आठवली. त्या दिवसापासून पोट फुगलेलं जनावर दिसलं की मी आधी वास घेते, मग हात धुते आणि मग औषधाची पेटी उघडते.

तुमच्याकडे सामूचा कागद नसेल, पण घड्याळ आहे, आणि या दोन आजारांत घड्याळच सगळ्यात चांगला साक्षीदार. धान्य खाल्लेली गाय लगेच आजारी पडत नाही. रात्री खाल्लं तर दुसऱ्या दिवशी, आठ-दहा तासांपासून दीड दिवसापर्यंत केव्हाही. ती हळूहळू मलूल होते, हगवण लागते. युरिया प्यायलेली गाय अर्ध्या-पाऊण तासात, कधी त्याहून लवकर. तिच्यात शांतपणा नसतो. कान, पापण्या, खांदे थरथरतात, फेस येतो, ओरडते, आवाजाने दचकते, झटके येतात. चांगली चरणारी गाय तासाभरात कोसळली तर ते धान्याचं दुखणं नाही, हे डोळे झाकून समजा. तिसरा प्रकारही असतो. लसूणघास किंवा कोवळा हरभरा भरपूर खाऊन फेसाची पोटफुगी होते. तिथं ना आम्ल मुख्य ना अल्क, तिथं फेस मोडायला गोडंतेल लागतं. आणि कोवळ्या किंवा पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीच्या फुटव्यांची विषबाधा पूर्णपणे वेगळी, तिला इंजेक्शनच. पोट फुगलं की पहिला प्रश्न ‘काय द्यायचं’ हा नाही. ‘काय खाल्लं आणि कधी’ हा आहे. फोनवर मला एवढं कुणी नीट सांगितलं तरी निम्मं काम झालेलं असतं.

पुन्हा राशीवर गाय सापडली तर थांबून बघत बसू नका. लक्षणं नसली तरी तिथूनच डॉक्टरांना किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा. ती बरी दिसते तेच उपचाराचे सोन्यासारखे तास. राहिलेलं धान्य, पेंड उचला, समोर फक्त वाळलेला कडबा टाका, ती चावेल तेवढी लाळ सुटेल. हौदावर मोकळी सोडू नका, पहिला दिवस पाणी थोडं थोडं. डॉक्टरांशी बोलून, ती उभी असताना, शंभर-दीडशे ग्रॅम खाण्याचा सोडा दीड-दोन लिटर कोमट पाण्यातून मान फार वर न करता हळूहळू पाजता येतो. खाण्याचाच सोडा. धुण्याचा सोडा दिसायला सारखा, पण तो फार तीव्र असतो, तोंड-अन्ननलिका भाजते. दोन्ही पुड्या एका फळीवर ठेवलेल्या मी गोठ्यात पाहिल्यात.

किती धान्याने गाय आजारी पडते, याचा एक आकडा मागू नका, तो देता येत नाही. रोज पाच किलो भरडा खाणाऱ्या गाईचे जंतू त्याला सरावलेले असतात. फक्त कडब्यावरच्या गाईला त्याच्या निम्म्यानेही पाडलेलं मी पाहिलंय. अख्ख्या ज्वारीपेक्षा भरडा घातक, भरड्यापेक्षा पीठ. ज्वारीपेक्षा गहू लवकर आंबतो. आणि लग्नसराईत मांडवामागं टाकलेला भात, पोळ्या, बुंदी तर सगळ्यात लवकर, कारण शिजवलेलं पिष्ट आणि साखर जंतूंच्या तोंडात आयती. एप्रिल-मेमध्ये मला असे फोन तिथीच्या दुसऱ्या दिवशी येतात, नेमाने. अन्न वाया जाऊ नये ही भावना चांगलीच, पण ते पाच-सहा जनावरांत वाटून, कडब्यात मिसळून, मूठ-मूठ द्या. एकीच्या पुढं टोपलं पालथं करू नका.

आता रोजच्या सोड्याचं. इथं उत्तर ‘कुठलं जनावर’ यावर आहे. पंधरा-वीस लिटर दूध देणारी संकरित गाय, जिला सात-आठ किलो पेंड-भरडा जातो, तिच्या पोटाचा सामू रोज काही तास साडेपाचकडे झुकतो. ती आजारी दिसत नाही. फक्त डेअरीवर फॅट लागत नाही, शेण पातळ आणि बुडबुड्यांचं पडतं, एक दिवस पेंड खाते एक दिवस सोडते, आणि काही महिन्यांनी खुरं दुखायला लागतात. कडबा पचवणारे जंतू सामू ६ च्या खाली मंदावतात आणि फॅट ज्या आम्लापासून बनतं ते त्यांच्याकडूनच येतं, म्हणून फॅटचा काटा पहिल्यांदा हलतो. अशा गाईला पेंडीच्या एक टक्क्यापर्यंत, म्हणजे साठ ते ऐंशी ग्रॅम सोडा, पेंडीत मिसळून चालतो, उपयोगही होतो. पण त्याआधी कुट्टी बघा. कुट्टी यंत्राच्या पात्यातून कडबा भुशासारखा बारीक निघत असेल तर गाय चावणार काय? एक-दीड इंचाचे तुकडे ठेवा. पेंड एकदम न देता तीन-चार वेळा विभागून द्या, आधी कडबा मग पेंड. नवा भरडा सुरू करायचा तर दोन-तीन आठवडे हळूहळू वाढवत न्या. दुपारी गोठ्यात उभं राहून मोजा, बसलेल्या दहा गाईंपैकी सहा-सात रवंथ करताना दिसल्या तर पोटं बरी आहेत असं मी समजते.

चार-पाच लिटरची देवणी, कडबा आणि किलो-दीड किलो सरकी पेंडीवरची, तिला सोड्याची गरज नाही. बैलांना नाही. वासरांना तर नाहीच.

आणि एका गाईला तो नक्की देऊ नका, ती म्हणजे विण्याला तीन आठवडे उरलेली गाभण. हे ऐकून बरेच जण चमकतात. विल्यावर चिकात आणि दुधात कॅल्शियम भसाभस जातं. ते भरून काढायला गळ्यातल्या एका ग्रंथीचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, हाडातून कॅल्शियम ओढून आणतं. पण रक्त जरासं अल्काकडे झुकलेलं असेल तर त्या संप्रेरकाचं हाडं आणि मूत्रपिंड नीट ऐकत नाहीत. कॅल्शियम वेळेत येत नाही आणि गाय विल्यावर थंड पडून बसते, मान कुशीकडे वळवते. तोच दुग्धज्वर, नावात ज्वर असला तरी अंग गार. सोड्यातला सोडियम रक्ताला त्याच नको त्या बाजूला ढकलतो. म्हणून दुधाच्या मोठ्या गोठ्यांत या तीन आठवड्यांत मुद्दाम उलटे क्षार देतात, रक्त किंचित आंबटाकडे झुकवतात आणि लघवीचा सामू आठवरून साडेसहाच्या आसपास आणून ठेवतात. ते घरच्या घरी करायचं काम नाही, लघवी तपासल्याशिवाय तर नाहीच. पण एवढं ध्यानात घ्या, की ज्या आंबटपणाने तुमची पहिली गाय मरायला टेकली होती, त्याचाच एक थेंब या गाईला वाचवतो.

उसाच्या वाढ्याबद्दल, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्याबद्दल, तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. दुष्काळात दुसरं काही नसतं हे मी जाणते, २०१९ मध्ये बीडच्या चारा छावण्यांत जनावरं उसावरच जगली. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून सोबत खनिज मिश्रण हवं. अख्ख्या उसाचा मामला वेगळा. त्यात साखर आहे, ती लवकर आंबते. सुरुवात थोड्याने करा, सोबत कसाही का होईना कोरडा चारा ठेवा.

राशीवरून वाचलेल्या गाईकडे अजून लक्ष द्या. आम्लाने पोटाचं अस्तर सोललेलं असतं, त्यातून जंतू यकृतात जाऊन पुढं गळू धरू शकतं. खुरांच्या आतही सूज राहते आणि ती महिना-दोन महिन्यांनी लंगडायला लागते. खुराच्या वरच्या कडेला हात लावून बघा, गरम लागतो का, आणि उठताना ती पुढच्या पायांवर कुरकुरते का. अजून तिची रवंथ पहिल्यासारखी नसेल तर डॉक्टरांना सांगा. निरोगी गाईच्या कोटीपोटातलं पाणी काढून तिला पाजलं की मेलेल्या जंतूंची वस्ती पुन्हा भरते. जुन्या लोकांत दुसऱ्या गाईच्या तोंडातला रवंथाचा घास काढून आजारी गाईला भरवायची रीत होती, ती हेच करत होती.

ती गाभण आहे का, आणि असली तर विण्याची तारीख काय, ते मला कळवा. पेंड कुठली आणि किती देताय तेही लिहा. तोवर तिला सोडा नको, आणि ठिबकची बादली गोठ्याच्या बाजूने उचलून मोटारीच्या खोलीत कडी लावून ठेवा.